खुर्चीमावशी

तिच्या नेमणुकीच्या पत्रावर 'भेट निरीक्षक' असं भारदस्त काहीतरी छापलेलं होतं, पण त्या नावाने तिला कधी कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. ऑफिसात सगळे तिला खुर्चीमावशी म्हणत, कारण तिचं काम खुर्चीत बसण्याचं होतं. नवरा तर चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला बसायचा पगार मिळतो. उभं राहायचा मिळाला असता तर जरा वजन तरी उतरलं असतं." हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की हल्ली मावशी तो संपायच्या आधीच हसून मोकळी होई.

बसायचं कुठे, तर भेटीच्या खोलीत. काही ना काही कारणाने ज्या मुलांना घरातून काढून बालगृहात ठेवावं लागतं, त्यांचे आईवडील त्यांना आठवड्यातून एकदा तासभर भेटू शकतात. पण एकट्याने नाही, कुणाच्या तरी नजरेखाली. ती नजर म्हणजे मावशी. खोली ऑफिसच्या तळमजल्यावर, बोळाच्या अगदी टोकाला. पूर्वी तिथे मोडकं फर्निचर टाकत. मग वरच्या कुणाला तरी वाटलं की खोली 'घरासारखी' हवी, म्हणून भिंतींना पिवळा रंग मारला, गालिचा अंथरला, एक सोफा आणि एक बुटकं टेबल आणून टाकलं आणि खेळण्यांचा खोका ठेवला. खोक्यात चाकं नसलेल्या मोटारी आणि अर्धे तुकडे हरवलेली कोडी होती. ज्याने ही सजावट केली त्याचं स्वतःचं घर कसं असेल, हा प्रश्न मावशीला पहिल्याच दिवशी पडला होता.

नियम सांगायला सोपे होते आणि पाळायला महाकठीण. बोलायचं नाही. खेळात सामील व्हायचं नाही. मूल रडलं तरी उठायचं नाही. डोळे उघडे ठेवून पाहायचं आणि मागाहून जसं दिसलं तसं लिहून द्यायचं. मावशीने त्याआधीची अर्धी हयात पाळणाघरात काढली होती. तिथे एक पोर कडेवर, एक पायाला लोंबलेलं आणि तिसरं कुठेतरी काहीतरी सांडत असलेलं, असा संसार. त्या बाईला हाताची घडी घालून बसवायचं म्हणजे शिक्षाच. सुरुवातीला कुणी मूल रडलं की तिचे गुडघे आपोआप उठायचे आणि तिला त्यांना दटावून खाली बसवावं लागायचं. मग तिने विणकाम आणायला सुरुवात केली. ते वरून बंद झालं, सुया टोकदार असतात म्हणून.

त्या खुर्चीतून तिने तऱ्हेतऱ्हेचे आईबाप पाहिले. आल्या आल्या पोराला कवटाळून त्याचा श्वास कोंडणाऱ्या आया, तासभर फोनकडे बघणारे बाप, "पुढच्या आठवड्यात नेतेच तुला" असं दर आठवड्याला सांगणाऱ्या, आणि पोराऐवजी मावशीलाच आपली बाजू पटवून देणारे. कुणाची मुलं परत घरी गेली, कुणाची नाही. आणि बघता बघता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. या तासाला म्हणायचं भेट, पण ही होती परीक्षा. परीक्षक तीन: मावशी, वरच्या मजल्यावरच्या अधिकारी मॅडम आणि शेवटी निकाल देणारी समिती. अभ्यासक्रम मात्र कुणी कुणाला दिलेला नव्हता.

अशातच एका बुधवारी काचवाला आला.

खिडक्यांना, दुकानांना काचा बसवायचा त्याचा धंदा. हातांवर बारीक बारीक चिरांच्या खुणा, बोलणं बेताचं, आणि उभं राहण्याची पद्धत अशी की आपण कुणाच्या तरी वाटेत आहोत. बायको आजारात गेली आणि घरात तो आणि चार वर्षांची पोरगी उरली. पोरगी एका जागी ठरत नसे, स्वतःभोवती गिरक्या घेत चालायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तो कामाला गेला की शेजारीण तिला सांभाळायची. शेजारीण घर सोडून गेली, दुसरं कुणी मिळेना, आणि एके दिवशी तातडीचं काम आलं तेव्हा त्याने पोरीला टीव्ही लावून दिला, बाहेरून कुलूप घातलं आणि "आत्ता येतो" म्हणून गेला. काम लांबलं. भिंगरी खुर्चीवरून टेबलावर आणि टेबलावरून खिडकीत चढली. रस्त्यावरच्या लोकांना तिसऱ्या मजल्यावर बाहेर लोंबणारे पाय दिसले आणि आरडाओरडा झाला. दार फोडून तिला खाली आणलं ते थेट बालगृहात.

मारझोड नाही, दारू नाही, उपासमार नाही. पण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत चार वर्षांचं मूल ही काही छोटी गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल मॅडमना कुणी नावं ठेवू नयेत. त्यांनी काचवाल्याला जे जे सांगितलं ते ते त्याने मुकाट्याने केलं. बाहेरची कामं सोडून काचेच्या दुकानात ठरलेल्या वेळेची नोकरी धरली. शाळेजवळ तळमजल्यावर खोली घेतली. दुपारी पोरीला बघायला एक म्हातारी बाई पक्की केली. सगळं जुळलं. आता फक्त समितीपुढे सुनावणी व्हायची होती, आणि तोवरच्या भेटी चांगल्या जायला हव्या होत्या. गेल्या, तर पोरगी घरी. नाही गेल्या, तर पोरगी कायमची दुसऱ्या घरी. परगावचं एक जोडपं मुलासाठी कधीपासून नाव नोंदवून बसलं होतं आणि मॅडमच्या टेबलावर त्यांचा अर्ज सगळ्यात वर होता.

आणि नेमक्या भेटीतच गाडं अडलं.

पहिल्या भेटीला तो एक भलीमोठी पिशवी घेऊन आला, सोफ्यावर टोकाशी बसला आणि पिशवी मांडीवर धरून ठेवली. "जेवलीस का?" त्याने विचारलं. भिंगरीने मान हलवली. जरा वेळाने त्याने पुन्हा विचारलं, "जेवलीस का?" मग पिशवीतून एकामागून एक खेळणी काढून टेबलावर मांडली, दुकानदार मांडतो तशी. पोरगी लांबून बघत राहिली. आणि मग, काय झालं कोण जाणे, त्या दांडग्या माणसाला रडू फुटलं. बापाला कधी रडताना न पाहिलेलं ते पोर घाबरून जे धावलं ते थेट मावशीच्या खुर्चीमागे. पुढच्या बुधवारीही थोड्याफार फरकाने तेच. मावशीला लिहावं लागलं की मूल वडिलांजवळ गेलं नाही. खोटं कसं लिहिणार?

"अजून एकदोन भेटी अशाच गेल्या तर मला काही करता येणार नाही," मॅडम तिला म्हणाल्या. "मुलीला वडील नकोसे झालेत असंच समितीला वाटणार."

"नकोसे नाही झाले हो. त्यांना जमत नाहीये."

"ते तुम्हाला कळतं, मावशी. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं."

त्या संध्याकाळी मावशी बसस्टॉपवर आली तर बाकावर काचवाला बसलेला. रिकामी पिशवी घडी करून हातात. मावशी नियमाने वागणारी बाई. ती दुसऱ्या टोकाला बसली आणि रस्त्याकडे तोंड केलं. पण बस यायचं नाव घेईना, आणि माणसाने तरी किती वेळ रस्ता बघावा.

"खाली बसत जा," ती समोर बघतच म्हणाली.

"अं?"

"सोफ्यावर नको. गालिच्यावर बसत जा. तुम्ही वर आणि ती खाली, बोलणार कशी ती?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. बुडत्याच्या हाती दोर लागावा तसा चेहरा. बस आली आणि मावशी चढून गेली. घरी पोचेपर्यंत तिला नियम मोडल्याची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

पुढच्या बुधवारी तो गालिच्यावर बसला. पँटच्या इस्त्रीसकट, मांडी घालून, पाठ ताठ. भिंगरी दोन पावलं पुढे आली. फक्त दोनच, पण मावशीने त्या दिवशी लिहिताना त्या दोन पावलांना अख्खी ओळ दिली.

मग बसस्टॉपवर शिकवणीच सुरू झाली. तो आधी जाऊन बसायचा, ती मागून यायची, दोघं दोन टोकांना, तोंडं रस्त्याकडे. ती सांगायची, तो मान हलवायचा. जेवलीस का हे एकदाच विचारायचं. रडायचं असेल तर इथे रडून घ्यायचं, आत नाही. तिने चित्र काढलं की नुसतं छान म्हणायचं नाही, हे काय काढलंस ते विचारायचं. लवकर नेतो असं कबूल करायचं नाही, पुढच्या बुधवारी येतो एवढंच सांगायचं. आणि धावत जाऊन कवटाळायचं नाही. ती घाबरलेली आहे. ती आपणहून येऊ दे, आली की घ्या.

"आपणहून," तो पुटपुटायचा, माप लिहून घेतल्यासारखं.

माणूस कारागीर. एकदा माप सांगितलं की सूतभर इकडेतिकडे होऊ द्यायचं नाही, ही त्याची आयुष्यभराची सवय. हे मापही त्याने तसंच घेतलं. "घरी उशी समोर ठेवून सराव करतो," त्याने एकदा सांगितलं. मावशीला हसू आवरेना. "उशी काय म्हणते?" तिने विचारलं. "उशी फार गिरक्या घेत नाही," तो म्हणाला, आणि त्या दिवशी मावशीने त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आणि जमलं की हो! भिंगरी आधी त्याच्या शेजारी बसायला लागली, मग त्याच्या गुडघ्याला टेकून चित्रं काढायला लागली. एके बुधवारी ती त्याच्या पाठीवर चढली आणि तो गालिच्यावर हातापायांवर रांगत गोल गोल फिरला. पोरगी खिदळत होती, त्याच्या केसांना धरून "अजून, अजून" करत होती. मावशी खुर्चीत घट्ट बसून राहिली, नाहीतर तिने टाळ्या वाजवल्या असत्या. ते प्रेम तिने शिकवलेलं नव्हतं, हे नीट ध्यानात घ्या. ते पहिल्या दिवशीही त्या पिशवीत कोंबून आणलेलंच होतं. तिने फक्त ते ठेवायचं कुठे एवढं सांगितलं होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने नेहमीचा विनोद केला नाही. "अंगाशी येईल हं," तो म्हणाला.

"काय येतंय अंगाशी? कुणाचं नुकसान करतेय मी?"

"नुकसान कुणाचंच नाही. पण तू परीक्षेला बसलेल्या पोराला खिडकीतून उत्तरं सांगतेयस."

"परीक्षाच चुकीची असेल तर?"

"ते बरोबर आहे तुझं," नवरा म्हणाला, "पण पकडतात ते उत्तरं सांगणाऱ्यालाच." मावशी फुरंगटून स्वयंपाकघरात निघून गेली.

सुनावणीआधीच्या शेवटच्या भेटीला, समितीसाठी वेगळा अहवाल लिहायला, समुपदेशक बाई येऊन बसल्या. तरुण, हळू आवाजाच्या, मुलांशी बोलताना कमरेत वाकणाऱ्या. मन लावून काम करणारी पोरगी होती. या गोष्टीत वाईट माणूस शोधायला जाल तर हाती कुणी लागत नाही, हेच या गोष्टीचं दुखणं आहे. राग काढायचा तर कुणावर काढणार? त्या दाराजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि मावशी आपल्या खुर्चीत.

काचवाला आला. नवीन माणूस पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गालिच्यावर बसला, बसताना मावशीकडे पाहिलं. "जेवलीस का?" एकदाच विचारलं, आणि मावशीकडे पाहिलं. भिंगरीने चित्र काढलं. "हे काय काढलंस?" त्याने विचारलं आणि पुन्हा डोळे खुर्चीकडे. आजवर तो असं करत होता का? करतच असणार. दर भेटीला समोर बसलेल्या तिला ते जाणवलं नव्हतं, कारण तो बघायचा तेव्हा ती आनंदाने त्याच्याचकडे बघत असायची. तिने मान फिरवून भिंतीकडे बघायला सुरुवात केली. त्यामुळे तो आणखीच गडबडला.

भिंगरी मात्र रंगात आली होती. उठली, गिरक्या घ्यायला लागली, दोन्ही हात पसरून, गरागरा. तिचा तोल गेला आणि कपाळ थेट त्या बुटक्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं. आवाज झाला. काचवाला ताडकन उठला, दोन्ही हात पुढे झाले, एक पाऊल पडलं आणि तो थांबला.

धावत जाऊन कवटाळायचं नाही. ती आपणहून येऊ दे.

हात तसेच हवेत. आणि त्याने मावशीकडे पाहिलं. घेऊ का, असं विचारणारे डोळे. मावशीच्या घशाशी शब्द आला होता, "घ्या!" असा मोठ्याने, भिंती हादरतील असा. पण दाराशी समुपदेशक बाई होत्या आणि इतक्या वर्षांचा नियम अंगात मुरलेला होता. ती बोलली नाही. फक्त 'हो' अशी मान हलवली. पण तोवर उशीर झाला होता. भिंगरीने आधी बापाकडे पाहिलं, त्याचे थांबलेले हात पाहिले, आणि रडायला वासलेलं तोंड मिटून घेतलं. आपलं कपाळ आपणच चोळत ती उभी राहिली. समुपदेशक बाईंनी पुढे होऊन तिला उचललं.

पुढे काय झालं ते सांगायला नको इतकं उघड आहे. समुपदेशक बाईंनी जे पाहिलं ते लिहिलं: वडिलांचं वागणं पढवल्यासारखं वाटतं, आणि मुलीला लागलं तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. एकही शब्द खोटा नव्हता.

मावशी जिना चढून मॅडमकडे गेली. वर पोचेपर्यंत धाप लागली होती, पण बसली नाही.

"मॅडम, त्यांना मी शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

"सगळं. खाली बसायचं, काय विचारायचं, काय नाही. धावत जाऊन घ्यायचं नाही हेसुद्धा माझंच. त्या माणसाला घ्यायचं होतं हो तिला. माझ्यामुळे थांबला तो."

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "तुम्ही शिकवलंत ते चूक की बरोबर, ते जाऊ दे. पण तुम्ही आत्ता मला हे सांगितलंत, मावशी. आता मला ते समितीपुढे सांगावं लागणार. आणि सांगितलं की तुम्ही आजवर लिहिलेलं सगळं बाद. चांगल्या गेलेल्या भेटीसुद्धा."

"पण त्या खऱ्या होत्या! पोरगी त्याच्या पाठीवर बसली होती, खरी हसत होती."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मला माहीत असून काय उपयोग?"

"मग त्याला शिकवायचं कुणी होतं?" तिने शेवटी विचारलं.

"तशी जागाच नाही आपल्याकडे. मी मागून मागून थकले. भेटीवर लक्ष ठेवायला माणूस मिळतो, आईबापांना शिकवायला मिळत नाही."

समितीनेही काही दुष्टपणा केला नाही. मुलीला किती दिवस अधांतरी ठेवायचं, असा त्यांचा प्रश्न होता. वडिलांच्या भेटी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या, नवीन निरीक्षक नेमायचा, पुन्हा सुनावणी, तोवर ते मूल बालगृहात वाढणार. दुसरीकडे परगावचं जोडपं तयार होतं. ते येऊन पोरीला भेटून गेले होते. दोघंही आल्याबरोबर गालिच्यावर बसले, तिने आपणहून जवळ येण्याची वाट पाहिली, चित्राबद्दल विचारलं. त्यांना हे सगळं कसं येत होतं? मूल घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी याच ऑफिसात वरच्या हॉलमध्ये वर्ग चालायचे, चहा-बिस्किटांसकट. परक्या माणसांना आईबाप व्हायला शिकवायची सोय होती. बापाला बाप राहायला शिकवायची नव्हती. हे मावशीच्या लक्षात आलं त्या दिवशी ती भेटीच्या खोलीत एकटीच बसली आणि तोंडावर रुमाल दाबून रडली.

निकाल लागला. भिंगरी त्या जोडप्याकडे जाणार. वडिलांनी पत्र पाठवावं, फोटो मागवावेत, पुढचं पुढे बघू. निघण्याआधी निरोपाची एक भेट.

मावशीला कामावरून काढलं नाही. मॅडमनी तेवढं राखलं. तिला प्रवेशदाराजवळच्या टेबलावर बसवलं, येणाऱ्यांना कुठे जायचं ते सांगायला. आणि कारभार सुधारावा म्हणून एक नवा नियम निघाला: भेटीला आलेला पालक निघून गेल्यावर अर्धा तास निरीक्षकाने ऑफिस सोडायचं नाही, म्हणजे बसस्टॉपवर गाठ पडायला नको. एवढ्या सगळ्या प्रकरणातून ऑफिस जे शिकलं ते हे.

निरोपाच्या दिवशी काचवाला वेळेच्या बराच आधी आला. दाढी केलेली, तीच इस्त्रीची पँट. हात रिकामे. मावशीने मनाची तयारी करून ठेवली होती. ओरडेल, वाटेल ते बोलेल, बोलू दे. तो टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"मावशी."

"बोला."

"अशा भेटीत कसं वागायचं असतं?"

मावशीने वर पाहिलं. तो खरोखर विचारत होता. शिकवणीला आलेल्या पोरासारखा, मान जरा पुढे करून.

"मला नका हो विचारू आता," ती म्हणाली. "तुम्हाला जसं वाटेल तसं वागा. मनाला येईल तसं."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"तेच तर आता कळेनासं झालंय," तो म्हणाला, आणि बोळातून आत गेला.

मग भिंगरीला आणलं. केस विंचरलेले, नवे बूट. समुपदेशक बाईंनी तिला चार दिवस चित्रं काढून काढून सगळं समजावलं होतं: हे नवं घर, हे नवे आईबाबा, इथे तुझी खोली. पोरीने सगळ्या चित्रांत रंग भरले होते. किती कळलं होतं ते देवाला ठाऊक. ती मावशीला हात हलवून आत गेली आणि दार बंद झालं.

तो तास मावशीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. आत नवी निरीक्षक बाई बसली होती. आतलं काही दिसत नव्हतं. एकदा पोरीचं हसणं ऐकू आलं, एकदा काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि मावशी अर्धी उठली, पण रडणं ऐकू आलं नाही. येणारे-जाणारे तिला विचारत होते, पेन्शनची खिडकी कुठे, जन्मदाखला कुठे, आणि ती सांगत होती, डावीकडे, वरच्या मजल्यावर, उद्या या. त्याने पोरीला जवळ घेतलं का, एवढंच तिला हवं होतं. ते विचारायची सोय नव्हती, आणि तिला तो हक्कही राहिला नव्हता.

भेट संपली की आधी मूल बाहेर येतं आणि मूल गाडीत बसून निघेपर्यंत पालकाने खोलीतच थांबायचं, अशी तिथली रीत. त्याप्रमाणे दार उघडलं, समुपदेशक बाई भिंगरीचा हात धरून बाहेर आल्या आणि दार पुन्हा लागलं. पायऱ्यांखाली गाडी उभी होती. नवी आई गाडीचं दार उघडून वाट बघत होती, भली बाई, डोळे सुजलेले.

टेबलाजवळ आल्यावर भिंगरीने हात सोडवून घेतला, टाचा उंच केल्या आणि कुजबुजत म्हणाली, "मावशी, आज मी नाही पडले."

"हो का?"

"एकदा पण नाही. गोल फिरलेच नाही मी. खेळण्यांचा खोका पडला, मी नाही पडले. आणि रडले पण नाही." तिने मावशीचं बोट धरलं. "आज बरोबर झालं ना?"

मावशीला आधी उमजेना. मग उमजलं. त्या दिवशी आपण पडलो म्हणून सगळं बिघडलं, म्हणून बाबा आपल्याला नेत नाही, असं ते पोर इतके दिवस मनात धरून होतं. मोठ्यांना वाटत होतं, परीक्षा बापाची चाललीय. पोरीला वाटत होतं, आपली.

"तुझं काहीच चुकलं नव्हतं गं, राणी," मावशी म्हणाली. "तेव्हाही नाही."

पण भिंगरीला एवढं सगळं ऐकायला वेळ नव्हता. तिला उत्तर मिळालं होतं. समाधानाने मान हलवून ती पायऱ्यांकडे वळली, चार पावलं नीट, न फिरता, सरळ चालत गेली, आणि तिथून तिने मागे वळून हाक दिली.

"मावशी, बाबाला सांग, मी गाडीत त्याच्यासाठी जागा धरते!"

मावशी टेबलाला धरून उभी राहिली. खाली गाडीचं दार लागलं. बोळाच्या टोकाला भेटीच्या खोलीचं दार, नियमाप्रमाणे, अजून बंदच होतं.